गाडी धुताना होणाऱ्या चुका

वाचन पाठ – स्तर ४

वाचण्याआधी बोलूया

१. तुमच्या घरची गाडी कोण धुतं? घरी धुता की कार वॉशला नेता?
२. गाडी धुण्यासाठी काय काय लागतं? निदान पाच वस्तूंची नावं मराठीत सांगा.
३. गाडी धुतल्यावर ते पाणी वाहत वाहत कुठे जातं, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

पाठ

मित्रांनो, गाडी धुणं म्हणजे काय मोठं काम? बादलीभर पाणी, थोडा साबण, एक फडकं, की झालं! असं आपल्याला वाटतं. पण दर आठवड्याला मन लावून धुतलेली गाडीसुद्धा दोन वर्षांत निस्तेज दिसू शकते. उन्हात नीट पाहिलं, तर तिच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक चरे दिसतात. ते बहुतेक वेळा रस्त्यावर पडत नाहीत. ते गाडी धुतानाच पडतात!

असं का होतं? गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक म्हणजे या थराचीच चमक. बहुतेक गाड्यांवर तो ५० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ! आणि गाडीवर बसलेल्या धुळीत असतात वाळूचे कण. वाळू क्लिअर कोटपेक्षा खूप कडक. आपण फडक्याने जोर लावला, की तो कण थरावर रेघ ओढत जातो. धुण्याच्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून समजतात.

चूक पहिली : कोरड्या गाडीवर फडकं फिरवणं

गाडीवर धूळ दिसली की हात शिवशिवतात. पटकन एक फडकं घेतो आणि पुसून टाकतो. दुबई, मस्कत किंवा कुवेतला राहणाऱ्यांना हे चांगलंच माहीत असेल, कारण तिथे एका रात्रीत गाडीवर वाळूची चादर पसरते. पण कोरडी वाळू पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवण्यासारखंच आहे. म्हणून आधी पाणी, मग हात. नळीने किंवा तांब्याने भरपूर पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. चिखल वाळलेला असेल तर तो पाच मिनिटं भिजू द्यावा. नखाने खरवडू नये.

चूक दुसरी : एकच बादली आणि जुना स्पंज

एका बादलीत साबणाचं पाणी केलं. स्पंज बुडवला, दार घासलं, स्पंज परत त्याच बादलीत. आता दारावरची वाळू कुठे गेली? बादलीत! पुढच्या वेळी स्पंज तीच वाळू घेऊन बाहेर येतो आणि आपण ती बॉनेटवर घासतो.

उपाय सोपा आहे. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. एक भाग धुऊन झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात विसळायचा, पिळायचा आणि मगच साबणात बुडवायचा. साधं पाणी गढूळ झालं की बदलायचं. स्पंजऐवजी मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा बरा. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे कण त्याच्या आणि गाडीच्या मध्ये अडकतो. हातमोज्याला मऊ लांब धागे असतात. कण त्या धाग्यांत आत शिरतो आणि रंगावर घासला जात नाही.

हात गोल गोल फिरवू नये. सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवावा. आपण गाडी धुतोय, कढई घासत नाही!

चूक तिसरी : भांड्यांचा साबण

स्वयंपाकघरातला साबण हाताशी असतो, फेसही छान होतो. पण त्याचं काम काय? कढईला चिकटलेलं तेल-तूप काढणं. गाडीवर आपण जे मेण लावतो, तेही तो काढायला लागतो. मेणाचा थर गेला की ऊन, पाऊस आणि घाण थेट क्लिअर कोटवर. म्हणून गाडीसाठी बनवलेला शाम्पू वापरावा. तो सौम्य असतो आणि बुळबुळीतही. त्यामुळे हातमोजा अडखळत नाही, सरकत जातो.

चूक चौथी : खालून वर

सर्वांत जास्त घाण कुठे असते? चाकांवर आणि दारांच्या खालच्या भागात. तिथून सुरुवात करून त्याच हातमोज्याने वर गेलात, तर सगळी घाण वर जाते. आधी टप, मग काचा, मग बॉनेट आणि दारं, शेवटी खालचा भाग. चाकांसाठी बादली, ब्रश आणि फडकं सगळं वेगळं. चाकांवरची काळी भुकटी ब्रेकमधून येते. तिच्यात धातूचे कण असतात.

चूक पाचवी : भर उन्हात धुणं

रविवारी दुपारी छान ऊन पडलंय, चला गाडी धुऊ! नको. तापलेल्या पत्र्यावर साबण आणि पाणी पटकन वाळतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पांढरे ठिपके पडतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत धुवावी. हात लावून पाहावा. पत्रा गार लागला तरच सुरुवात करावी. आणि धुऊन झाल्यावर गाडी तशीच वाळत सोडू नये. मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने पाणी टिपून घ्यावं. हे टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, नाहीतर ते पाणी शोषेनासे होतात.

थोडा संवाद

भाऊ : ए ताई, माझं फडकं खाली पडलं. झटकून घेतो हं.
ताई : अरे, थांब थांब! झटकून वाळू जात नाही. ते बाजूला ठेव, दुसरं घे.
भाऊ : पण पाच सेकंदांच्या आत उचललं की चालतं ना?
ताई : ते बिस्किटाचं रे! आणि आजीला विचार, तिला तेही चालत नाही.
भाऊ : बरं. पण इथे बघ ना, पक्ष्याची शी वाळलीये. घासू का?
ताई : घासू नकोस. ओलं फडकं त्यावर ठेव, दहा मिनिटं भिजू दे. मग अलगद उचल.
भाऊ : आणि उद्या काढली तर?
ताई : उद्यावर नको टाकूस. त्यात आम्ल असतं, उन्हात ते रंगाला खातं. मग डाग कायमचा राहतो.

हिवाळ्यातली गोष्ट

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांना ही अडचण ओळखीची असेल. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं आणि लोखंड लवकर गंजतं. वरून गाडी चकचकीत, पण खाली गंज! थंडी आहे म्हणून मार्चपर्यंत गाडी न धुणं ही मोठी चूक. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर असेल असा दिवस निवडावा आणि गाडीच्या खालूनही पाणी मारावं. मग दारांच्या कडा कोरड्या पुसाव्यात, नाहीतर रात्री पाणी गोठून दार चिकटून बसतं.

सर्वांत मोठी चूक : पाणी कुठे जातं हे न पाहणं

आतापर्यंतच्या चुकांनी आपल्याच गाडीचं नुकसान होतं. ही चूक मात्र दुसऱ्यांना भोगावी लागते.

रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी असते. आपल्या अंगणातलं पाणी त्या जाळीत जातं. घरातलं, म्हणजे मोरीचं आणि बाथरूमचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पण अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत त्या जाळीतलं पाणी तिथे जात नाही. ते पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या नळांतून सरळ जवळच्या ओढ्यात, नदीत किंवा समुद्रात जातं. काही गावांत जाळीशेजारी माशाचं चित्र काढलेलं असतं, ते याचसाठी.

मग आपला साबण माशांपर्यंत पोहोचतो. साबणाने माशांच्या कल्ल्यांना इजा होते. बाटलीवर 'निसर्गात विरघळणारा' असं लिहिलेलं असलं, तरी त्याला विरायला वेळ लागतो. तोवर नुकसान झालेलं असतं. ब्रेकच्या भुकटीतलं तांबंही माशांना घातक असतं. म्हणूनच कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करण्याचे कायदे केले.

मग करायचं काय? गाडी हिरवळीवर किंवा खडीवर उभी करून धुवावी. माती पाणी शोषून घेते आणि बरीचशी घाण अडवते. उरलेलं बादलीतलं पाणी रस्त्यावर ओतू नये, घरातल्या मोरीत ओतावं. जागा नसेल, तर कार वॉशला जाणं चांगलं. तिथलं पाणी सांडपाण्याच्या नळात जातं किंवा पुन्हा वापरलं जातं.

नळी उघडी सोडून गप्पा मारणं हीसुद्धा चूकच. दहा मिनिटांत शंभर लिटरहून जास्त पाणी वाहून जातं. इंग्लंडमध्ये पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात नळीने गाडी धुण्यावर बंदी येते. ती मोडली तर १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बादलीने मात्र धुता येते.

शब्दार्थ

निस्तेज – चमक गेलेला
पारदर्शक – ज्याच्या आरपार दिसतं असा
चरा – बारीक, लांब ओरखडा
हात शिवशिवणे – एखादी गोष्ट करावीशी वाटून हात स्वस्थ न बसणे
गढूळ – माती मिसळल्यामुळे स्वच्छ न राहिलेलं (पाणी)
टप – गाडीचं छत
क्षार – पाण्यात विरघळलेले खनिज पदार्थ
कल्ले – मासा ज्यांनी श्वास घेतो ते अवयव

भाषेची गंमत

आपण घरी पटकन म्हणतो, "मी कार वॉश केली, प्लेट वॉश केली, हँड्स वॉश केले." मराठीत मात्र प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद आहे. कपडे धुतो, पण भांडी घासतो. ग्लास विसळतो. ओलं फडकं पिळतो. फरशी पुसतो. सांडलेलं पाणी टिपतो. धुतलेली भांडी निथळत ठेवतो.

गंमत अशी, की या शब्दांतच गाडी धुण्याचे नियम लपले आहेत. घासताना जोर लागतो, म्हणून गाडी घासू नये. पुसताना फडकं ओढलं जातं. टिपताना ते फक्त टेकवून उचललं जातं. म्हणून गाडीवरचं पाणी पुसण्यापेक्षा टिपावं!

आणखी एक : बोलताना आपण 'धुवून' म्हणतो, लिहिताना 'धुऊन' लिहितो.

व्याकरण : नका आणि नये

'नका' समोरच्याला थेट सांगताना वापरतात : "तुम्ही उन्हात गाडी धुऊ नका." एकाच व्यक्तीला, जवळच्या नात्यात 'नकोस' : "तू घासू नकोस." 'नये' सगळ्यांसाठीचा नियम सांगतं : "गाडी उन्हात धुऊ नये." तिन्हींच्या आधी क्रियापदाचं 'ऊ'कारान्त रूप येतं : करू, घासू, ओतू, धुऊ.

स्वाध्याय

अ) एका-दोन वाक्यांत उत्तरं लिहा.
१. गाडीवर चरे कशामुळे पडतात?
२. स्पंजपेक्षा लोकरीचा हातमोजा चांगला का?
३. भांड्यांच्या साबणाने गाडीवरच्या मेणाचं काय होतं?
४. जाळीशेजारी माशाचं चित्र का काढतात?

आ) योग्य क्रियापद घाला. (घासणे, विसळणे, पिळणे, टिपणे)
१. आईने पोळीचा तवा ________.
२. पेपरवर चहा सांडला, तो मी रुमालाने ________.
३. ओलं फडकं घट्ट ________ आणि मग वाळत घाल.
४. ग्लास नुसता पाण्याने ________, तरी चालेल.

इ) 'नये' वापरून वाक्य बदला.
१. बादलीतलं पाणी रस्त्यावर ओतू नका.
२. वाळलेला चिखल नखाने खरवडू नकोस.

ई) चर्चा करा.
शेजारचे काका दर शनिवारी रस्त्यावर गाडी धुतात आणि फेस जाळीत जातो. ते वयाने मोठे आहेत. त्यांना न दुखावता हे कसं सांगाल? पाच-सहा वाक्यांचा संवाद लिहा.

उ) करून पाहा.
घरातल्या मोठ्यांबरोबर गाडी धुवा. प्रत्येक काम करताना त्याचं मराठी क्रियापद मोठ्याने म्हणा. मग घराजवळची जाळी शोधा आणि तिथलं पाणी कोणत्या ओढ्याला किंवा नदीला मिळतं, ते नकाशावर पाहून पुढच्या तासाला वर्गात सांगा.