आठवण ठेवणारे घर

नाशिकच्या जुन्या वस्तीत लाकडी खांबांचे काही वाडे अजून उभे आहेत. पावसाळ्यात त्यांतील एखाद्याची भिंत ढासळते आणि तेथील माणसे गंगापूर रस्त्याकडे किंवा इंदिरानगरात सदनिकेत राहावयास जातात. तरुण मंडळी आठ दिवसांत तेथे रुळतात. ऐंशीच्या घरातील आजी मात्र रात्री न्हाणीघर शोधू लागतात आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहतात. घरचे म्हणतात, 'आजींना भ्रम झाला.' पन्नास वर्षे पायांच्या अंगवळणी पडलेली वाट एका दिवसात नाहीशी झाली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही!

जागेचे व दिशेचे स्मरण ठेवण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या लहानशा भागाचा वाटा मोठा असतो. वयोमानाने तो काहीसा मंदावतो. अल्झायमरच्या रोगात तर त्यावर फार लवकर घाला पडतो. नवे आधी पुसले जाते, जुने पुष्कळ काळ टिकते. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. अशा माणसांच्या स्मरणाचा थोडा भार घराने उचलावयास हवा.

वाडा हे काम नकळत करीत असे. दरवाजातून आत पाऊल टाकताच चौक, चौकात तुळस, पलीकडे ओसरी, मग माजघर. चौक सतत नजरेस पडे, म्हणून दिशा चुकत नसे. त्यातील ऊन पाहून वेळ कळे. सकाळचा असा प्रकाश मिळाला म्हणजे रात्रीची झोपही सुधारते. ओसरीवर वाती वळीत बसलेल्या आजीशी येणारा-जाणारा दोन शब्द बोले. हे बोलणे किरकोळ नव्हे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत एकाकीपणा, बहिरेपणा, मंद दृष्टी व हालचालीचा अभाव ह्याही आहेत.

अर्थात वाड्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उंच उंबरठा, काळोखी जिना आणि परसातील शौचकूप यांनी किती म्हाताऱ्यांची हाडे मोडली असतील!

सदनिकेत चौक आणता येत नाही. उजेड आणता येतो. साठीच्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांच्या सुमारे तिप्पट प्रकाश लागतो. पलंगावरून शौचालयाचे दार दिसावे, दाराचा रंग भिंतीहून वेगळा असावा, वाटेत रात्रभर मंद दिवा जळावा. गुळगुळीत, चकाकणारी फरशी नव्या घराची शोभा समजली जाते, पण मंदावलेल्या दृष्टीला तिच्यावर पाणी सांडल्याचा भास होतो. काळे पायपुसणे खड्ड्यासारखे दिसते. मग वृद्ध माणूस दारातच थबकते.

नेदरलँड्समधील वीस्प गावी २००९ साली स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी होगेवेक नावाची वसाहत उघडली. तेथे चौक आहेत, गल्ल्या आहेत, वाण्याचे दुकानही आहे. रहिवासी आपल्या मनाने त्यांतून फिरतात. जुन्या नाशिककराला ही रचना फारशी परकी वाटणार नाही.

सामान हलविताना आजींची पेटी, त्यांची पाट्या-वरवंट्याची जोडी आणि देव नव्या घरात आधी पोचावेत. पाट्यावर आता वाटण होणार नसले, तरी तो अडगळीत टाकू नये; तो दिसला की हे स्वयंपाकघर, हे त्यांना सांगावे लागत नाही. शेंगा सोलावयाचे सूप हाताशी असावे. आणि वाड्यात पलंगावरून उठल्यावर मोरी डाव्या हातास येत असेल, तर येथेही पलंग असा मांडावा की न्हाणीघर डाव्याच हातास यावे.