खानावळीतील भाषाव्यवहार : बोली आणि प्रमाणभाषा

उद्दिष्ट
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला रोजच्या संभाषणातील बोलीविशेष ओळखता येतील व त्यांची नोंद करता येईल.

प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, बोलीच्या अभ्यासासाठी दूर जावे लागतेच असे नाही. हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया हे जंक्शन मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांच्या सीमेलगत आहे. तेथील एखाद्या साध्या खानावळीत झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि प्रमाण मराठी बोलणारे एकाच बाकावर जेवताना आढळू शकतात.

विवेचन
शब्द : थाळीतील भाजी येथे 'आलू'ची असते, पुण्यात तीच 'बटाट्या'ची होते. कोकणात 'भात' हे पिकाचेही नाव आहे. गोंदियात मात्र शेतात 'धान' असते आणि ताटात 'भात' येतो. धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक असल्याने हा भेद व्यवहाराला उपयोगी पडतो.

ध्वनी : झाडीबोलीत 'ण' च्या जागी 'न' येतो. म्हणून 'पाणी' हा शब्द 'पानी' असा उच्चारला जातो.

वाक्यरचना : 'भात आणत आहे' याऐवजी 'भात आनून राहिलो' असे उत्तर मिळते. विदर्भातील या रचनेचे हिंदीतील 'ला रहा हूँ' या रचनेशी असलेले साम्य लक्षात घ्या.

श्रोता : वाढपी ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलीत व परप्रांतीय प्रवाशाशी हिंदीत बोलत असेल, तर ती श्रोत्यानुसार केलेली निवड होय.

यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. घरची बोली 'अशुद्ध' आहे असे मानून ती लपवणारे अनेक जण असतात. परंतु 'पानी' ही चूक नसून बोलीचा नियम आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शास्त्रीय अभ्यास करून तिचे वेगळेपण दाखवून दिले. परीक्षेच्या उत्तरात 'पाणी' असेच लिहावे. मात्र ऐकलेल्या संभाषणाची नोंद करताना 'पानी' सुधारून 'पाणी' लिहिल्यास अभ्यासाचा पुरावाच नष्ट होतो.

स्वाध्याय
तुमच्या गावातील खानावळीत ऐकलेली पाच वाक्ये उच्चारानुसार जशीच्या तशी लिहा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. श्रोता कोण होता, ते नोंदवा. प्रत्येक वाक्याचे प्रमाण मराठीतील रूप देऊन फरक शब्दाचा, ध्वनीचा की रचनेचा, ते स्पष्ट करा.