कानात नळी बसवायला पूर्ण भूल लागते का?

प्रश्न : खर्र्यामुळे झालेल्या कॅन्सरसाठी बाबांच्या जबड्याला शेक दिले होते. जखम भरत नाही म्हणून आता त्यांना ऑक्सिजन चेंबरमध्ये बसवतात. तिथे कान फार दुखतो. डॉक्टर पडद्यात नळी बसवू म्हणतात. बाबांना शुगर आहे. पूर्ण भूल द्यावी लागेल का?
— एक वाचक, राळेगाव

उत्तर : बहुधा नाही, आणि न दिलेलीच बरी.

चेंबरमध्ये हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोन ते अडीच पट दाब असतो, म्हणजे विहिरीत दहा-पंधरा मीटर बुडी मारल्यासारखा. आवंढा गिळला की घशाकडून मधल्या कानात हवा जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. शेकांमुळे हा मार्ग सुजतो, मग पडदा आत ओढला जाऊन ठणकतो. दाब सावकाश वाढवूनही दुखणे थांबत नसेल, तर ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. काम काही मिनिटांचे असते.

लहान मुले हलतात, म्हणून त्यांना पूर्ण भूल देतात. मोठ्या माणसाच्या पडद्यावर फिनॉलचा थेंब लावलेला बोळा टेकवला की मिनिटभरात तेवढी जागा बधिर होते. बधिर करणारे मलम कानात भरूनही चालते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि चीर देण्याआधी ते पूर्ण काढावे लागते. कानाच्या नळीत लिग्नोकेनचे इंजेक्शन हा तिसरा मार्ग. ते टोचताना दुखते, क्वचित थोडा वेळ चक्कर येते.

पूर्ण भुलीत खरी अडचण कानाची नसते, तोंडाची असते. आपल्या विदर्भात खर्र्याने आधीच आखडलेले जबडे शेकांनंतर आणखी आखडतात. श्वास अडला आणि घशात नळी घालायची वेळ आली, तर तोंडच उघडत नाही. म्हणूनच ‘थोडी झोपेची सुई’ हासुद्धा अशा रुग्णात हलका पर्याय समजू नये. शिवाय उपाशी राहायचे म्हटले की इन्सुलिनचे गणित बिघडते.

बाबा स्थिर बसू शकत नसतील तर मात्र पूर्ण भूल द्यावी लागेल. तेव्हा ती सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच घ्या. यवतमाळ किंवा सेवाग्रामचे मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे.

नळी बसल्यावर आंघोळीच्या वेळी कानात व्हॅसलिन लावलेला कापूस ठेवा. कान वाहू लागला तर लगेच दाखवा. मधुमेहात आणि शेकांनंतर पडद्याचे भोक उशिरा भरते, कधी राहूनही जाते.

आणि बाबांच्या तोंडात त्यांची तीन बोटे उभी मावतात का, ते आजच पाहा. मावत नसतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.