जुनी सायकल: ओळख आधी, रंग नंतर



जुन्या सायकलींच्या व्हिडिओमध्ये वेळेअभावी काही गोष्टी भरभर सांगितल्या. त्या इथे सविस्तर लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या, कारण भंगारवाल्यासमोर उभं राहिल्यावर व्हिडिओ शोधायला वेळ नसतो.

या धंद्याकडे बघणारे बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात. जुनी सायकल आणली, घासली, चकाचक काळा रंग मारला, "व्हिंटेज डच सायकल" म्हणून फोटो टाकला. सायकल डच नसते, रंगाने तिची निम्मी किंमत गेलेली असते, आणि जाणकार गिऱ्हाईक दोन मिनिटांत ओळखून निघून जातं. म्हणून आजचा धडा एका ओळीत सांगतो: या धंद्यात पैसा ओळखण्यात आहे, रंगवण्यात नाही.

१. डच की इंग्लिश की आपली?

आपल्याकडे वाड्यात, गोठ्यात, माळ्यावर जी उंच काळी सायकल सापडते ती जवळजवळ नेहमी इंग्लिश असते किंवा इंग्लिश नमुन्यावर भारतात बनलेली असते. रॅले (नॉटिंगहॅम, १८८७), हर्क्युलिस (बर्मिंगहॅम, १९१०), बीएसए, फिलिप्स, हंबर, रज ही ती नावं. डच सायकलही याच इंग्लिश नमुन्यातून वाढली, म्हणून लांबून सारखी दिसते. फरक असा की नेदरलँड्समध्ये ती अजूनही रोजच्या वापरात आहे, त्यामुळे जगभर "डच सायकल" हे नाव जास्त गाजलं.

कुणी परदेशातून सामानाबरोबर खरी डच सायकल आणलेली असेल, तर ती अशी ओळखा:

- पुढच्या बिल्ल्यावर गझेल (१८९२ पासून), बाटाव्हस (१९०४), फोंगर्स (१८८४) अशी नावं.
- चेनकव्हर पत्र्याऐवजी बऱ्याचदा कापडी, रेक्झिनसारखं.
- मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कोट अडकू नये म्हणून पडदा.
- ब्रेक बऱ्याचदा हबच्या आत. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं.
- हँडल खूप मागे वळलेलं, बसणारा अगदी ताठ बसतो.

आता सगळ्यात सोपी खूण: तारा मोजा. इंग्लिश आणि आपल्या जुन्या सायकलीला साधारणपणे पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. डच सायकलीला दोन्हीकडे ३६. यासाठी पाना लागत नाही, फोटो मागवूनही मोजता येतं. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नका. चाक बदललेलं असू शकतं, आणि काही इंग्लिश कंपन्या बाहेरच्या देशांसाठी ३६ ताराही देत होत्या. तीन खुणा जुळल्या की मगच नाव घ्यायचं.

यात धंद्याची एक गोष्ट दडलेली आहे. आपली २८ बाय दीड इंची टायर-ट्यूब जुन्या डच सायकलीच्या त्याच मापाच्या रिमला बसते. दोन्हींचं माप ६३५ मिलिमीटर. म्हणजे टायर नगरच्या दुकानात मिळतो. पण रिम गेलेली असेल तर ३६ भोकांची रिम आपल्या नेहमीच्या दुकानात मिळणार नाही. खरेदीचा भाव ठरवायच्या आधी हे लक्षात पाहिजे.

२. बिल्ला बघून हुरळून जाऊ नका

रॅलेचा बगळा दिसला की लोक "इंग्लंडची आहे" म्हणतात. थांबा. स्वातंत्र्यानंतर हीच नावं भारतातही बनू लागली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली आणि तिथे हर्क्युलिस बनली. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले कंपनी रॅले बनवत होती. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. मग सोनीपतची ॲटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) आली. म्हणजे बिल्ला एकच, जन्मगाव वेगळं. आसनसोलची रॅले नकली नाही, चांगलीच सायकल आहे. पण ती नॉटिंगहॅमची म्हणून विकली तर तुम्ही नकली.

खऱ्या खुणा अशा शोधा:

- पेडलचं चक्र: रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी कापलेली असतात, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या, रजच्या चक्रात हाताचा पंजा, बीएसएच्या चक्रात इंग्रजी अक्षरं.
- चिमटा: हंबरच्या पुढच्या चिमट्याला प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन नळ्या असतात. एकदा बघितलं की विसरणार नाही.
- फ्रेम नंबर: सीटखालच्या सांध्यावर किंवा खाली पेडलच्या खोबणीवर बघा. ओल्या फडक्याने हळू पुसा, सँडपेपर लावू नका.
- मागचा हब: तीन गिअरची सायकल असेल तर हबवर स्टर्मी-आर्चर नाव आणि त्यापुढे आकडे मिळतात. ५२ आणि ८ असेल तर १९५२ चा ऑगस्ट. ही तारीख हबची आहे, फ्रेमची नव्हे. तरी अंदाजाला भक्कम आधार मिळतो.
- आटे: रॅलेच्या पेडलच्या खोबणीचे आटे इंचाला २६, बाकी बहुतेकांचे २४. नेहमीचा कप जबरदस्तीने बसवलात तर फ्रेमचे आटे गेले म्हणून समजा.
- कराचा बिल्ला: पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि धातूचा बिल्ला द्यायच्या. त्यावरचं साल म्हणजे त्या साली सायकल त्या गावात होती, एवढंच. बनवल्याचं साल ते नव्हे. पण बिल्ला काढून टाकू नका, गिऱ्हाईक त्याच्यासाठी थांबतं.

डोळा तयार करायचा असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. वेळ आधी विचारून जा आणि सोबत वही न्या. सेल्फी एकच काढा. चक्रं, चिमटे, सांधे यांची चित्रं वहीत काढा. परत येताना रविवार किंवा बुधवार असेल तर जुना बाजारही बघून घ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काही विकत घ्यायचं नाही, फक्त भाव ऐकायचे.

३. घ्यायच्या आधी पाच तपासण्या

१. दोरा: हँडलच्या नळीपासून मागच्या चाकाच्या दोन्ही खाचांपर्यंत दोरा ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंना अंतर सारखं पाहिजे. फरक दिसला तर फ्रेम वाकलेली आहे.

२. चुंबक: नळीवर चुंबक फिरवा. कुठे धरत नसेल तर रंगाखाली पुट्टी आहे.

३. सांधे: या फ्रेमचे सांधे पितळी जोडाचे असतात. कुणी गावात आर्क वेल्डिंग मारलं असेल तर ती सायकल शोभेसाठीच घ्या, चालवण्यासाठी विकू नका.

४. सीटचा दांडा आणि हँडल: हलत नसतील तर त्यासाठी दोन-चार दिवसांचं काम धरा आणि भाव तसा पाडा.

५. कागद: विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, तारीख आणि फ्रेम नंबर लिहिलेली साधी पावती घ्या, ओळखपत्राची प्रत घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे आणि "मला माहीत नव्हतं" हे कागदाशिवाय सिद्ध करता येत नाही.

४. काम कसं करायचं

पहिलं काम फोटो. खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी काढा. सळईचे ब्रेक कुठून कसे जातात हे खोलल्यावर कुणालाच आठवत नाही.

मग तेल. अडकलेल्या प्रत्येक नटावर गंज सोडवणारं तेल टाका आणि एक रात्र सोडा. कॉटर पिन हातोडीने ठोकू नका, दाबून काढायचं साधन एखाद्या चांगल्या फिटरकडून बनवून घ्या. आपल्याकडे सुप्याला एमआयडीसी आहे, अशी छोटी कामं करणारे वर्कशॉप मिळतात. तुमच्या तालुक्यातही असतील.

धुण्यासाठी डिझेल आणि मऊ ब्रश. क्रोमवरचा हलका गंज ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. जास्त गंजलेल्या छोट्या पार्टना ऑक्सॅलिक ॲसिडचं पाणी चालतं, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, मुलांपासून लांब ठेवा. कातडी सीटला खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोपडू नका, कातडं सैल पडतं. कातड्यासाठी मिळणारं मेण थोडंसं लावा.

छर्रे सगळे बदला, ते स्वस्त असतात. कप आणि कोन चांगले असतील तर तेच ठेवा. चाकाचा आऊट काढा. ब्रेकचे रबर, टायर आणि ट्यूब नवीन टाका, कारण इथे जुन्याचं कौतुक नाही, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि रंग? मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर हात लावू नका. साफ करा, मेण लावा, सोडून द्या. पावडर कोटिंग स्वस्तात आणि झटपट होतं, पण जाड थराखाली सोनेरी रेघा, कंपनीची अक्षरं आणि फ्रेम नंबर तिन्ही जातात. नंतर रंग परत मारता येतो, ती रेघ परत आणता येत नाही.

यातलीच एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे चेनकव्हरवर पेंटरकडून मालकाचं नाव घालून घ्यायची पद्धत होती. एक कुटुंब आजोबांची सायकल घेऊन आमच्याकडे आलं. आधी दुसरीकडे एकाने ती नव्यासारखी करून दिली होती. काम सफाईदार होतं, पण आजोबांचं नाव घासून गेलं होतं. ते नाव परत लिहून मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अक्षर काढता येतं, तेच अक्षर नाही काढता येत. तेव्हापासून आमच्या कामाच्या फॉर्मवर पहिला प्रश्न हाच आहे: "या सायकलीवरचं काय पुसलं गेलेलं चालणार नाही?" तुम्हीही हाच प्रश्न पहिला विचारा.

५. हिशोब: इथेच बहुतेक जण बुडतात

समजा, आकडे फक्त समजण्यासाठी घेऊ:

- सायकल खरेदी: ३,५०० रुपये
- टायर, ट्यूब, छर्रे, ब्रेक, इतर पार्ट: ४,२०० रुपये
- प्लेटिंग: १,८०० रुपये
- जाणं-येणं, वाहतूक: १,००० रुपये

बेरीज १०,५००. सायकल १४,००० ला विकली. साडेतीन हजार सुटले म्हणून पेढे वाटले. पण या कामाला ३० तास लागले ते कुठे आहेत? तासाला १५० रुपये धरले तरी ४,५०० होतात. खरा खर्च १५,०००. म्हणजे हजाराचा तोटा, आणि तोही कळला नाही. खिशात पैसे दिसतात म्हणून तो नफा वाटतो. ती तुमचीच मजुरी आहे, आणि तीही कमी पडलेली.

म्हणून नवीन माणसाला मी सांगतो, पहिल्या वर्षी विकत घेऊन विकण्यापेक्षा लोकांच्या घरच्या सायकलींचं काम घ्या. भांडवल अडकत नाही. निम्मी रक्कम आधी मिळते. चोरीच्या मालाची धास्ती कमी. आणि ज्याला आजोबांची सायकल परत चालवायची आहे, तो भंगाराच्या भावाशी तुलना करत नाही. विकत घ्यायच्या सायकली वर्षाला दोन-तीनच, त्याही पूर्ण ओळख पटलेल्या.

विकताना तीन प्रकारचं गिऱ्हाईक येतं. हॉटेल-कॅफेवाल्याला शोभा हवी, त्याला वाकलेली फ्रेम चालते, तसं स्पष्ट सांगून द्या. चालवणाऱ्याला ब्रेक आणि चाकं हवीत. संग्राहकाला मूळपणा हवा. एकाचा माल दुसऱ्याला दाखवत बसलात की भाव पडतो.

प्रत्येक सायकलीसोबत एक कागद द्या. त्यावर चार ओळी: मूळ काय आहे, बदललेलं काय, नवीन काय, आणि अंदाजाने सांगितलेलं काय. "अंदाजे १९५० चं दशक, हबवरच्या आकड्यावरून" असं लिहायला लाजू नका. हा कागदच पुढचं गिऱ्हाईक आणतो.

दोन कायदेशीर गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येऊ शकतात आणि त्या परदेशी पाठवण्यावर बंधनं आहेत, म्हणून परदेशातून मागणी आली तर आधी सल्ला घ्या. आणि जीएसटी नोंदणी झाल्यावर जुन्या मालासाठी फरकावर कर भरायची वेगळी पद्धत आहे, ती आपल्या सीएकडून समजून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

गावातल्या तीन जुन्या सायकली शोधा. विकत मागू नका, फक्त बघायची परवानगी मागा. प्रत्येकीच्या तारा मोजा, चक्र आणि चिमट्याचा फोटो घ्या, फ्रेम नंबर लिहा, आणि मालकाला विचारा की ती घरात कधी आणि कुठून आली. मग एका पानावर तुमचा निकाल लिहा: कुठली, साधारण कधीची, आणि कशावरून. "कशावरून" हा रकाना रिकामा राहिला तर त्या सायकलीची किंमत सांगायचा अधिकार अजून आपल्याला नाही, असं समजा.

पुढच्या भागात कॉटर पिन दाबून काढायचं साधन कसं बनवून घ्यायचं आणि कामाचा फॉर्म कसा असावा ते बघू. तोपर्यंत वही भरा.