चकतीसाठी काडतूस: स्वस्त घ्यावे, पण पारखून

इंग्लंडमधल्या कुठल्याही शूटिंग ग्राउंडवर शनिवारी सकाळी जा, नेम कसा लागला याच्याइतकीच चर्चा काडतुसे कितीला मिळाली याची चाललेली असते. साहजिकच आहे. हवेत उडवलेल्या शंभर चकत्यांची एक फेरी म्हणजे शंभर बार. महिन्याला तीन फेऱ्या केल्या तरी वर्षाकाठी 3,600 काडतुसे संपतात.

आपल्याकडे बारा बोरचे काडतूस म्हटले की खडकी आठवते. तिथला दारूगोळा कारखाना 1869 सालचा. पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक ज्यांच्या घरी असे, ती माणसे एकेक काडतूस मोजून वापरत. इथे इंग्लंडमध्ये ते पिशवीतून मूठमूठ निघते. म्हणून निवड डोळसपणे केली पाहिजे, आणि माझे ठाम मत असे की चकतीसाठी बहुतेकांना महाग काडतूस लागतच नाही. चकतीचे ‘क्ले पिजन’ हे नाव जुने आहे. 1880 च्या सुमारास अमेरिकेत लिगॉव्स्कीने भाजक्या मातीची चकती काढली, त्यावरून ते रूढ झाले. आजची चकती डांबरी राळ आणि चुनखडीच्या भुकटीची असते, व्यास 110 मिलिमीटर. दोन-चार छरे नीट बसले की ती फुटते.

दुकानात जाण्याआधी स्वतःची बंदूक वाचा. नळ्या उघडून त्यांवर कोरलेले आकडे बघा: बोर किती आणि कोठी (काडतूस बसते ती जागा) किती लांब, 65, 70 की 76 मिलिमीटर. पेटीवर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची असते. न उडालेल्याचे तोंड दुमडलेले असल्यामुळे 70 चे काडतूस जुन्या 65 च्या कोठीत अलगद बसते आणि फसवते. उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. जुनी वडिलोपार्जित दुनळी असेल तर ती बंदुकीच्या कारागिराला दाखवल्याशिवाय एकही काडतूस घेऊ नका. घरात वीस बोरची बंदूकही असेल, तर तिची काडतुसे बारा बोरच्या पिशवीत कधीही जाऊ देऊ नका. वीस बोरचे काडतूस बाराच्या कोठीतून घसरून पुढे नळीत अडकते, कोठी रिकामी दिसते, माणूस वर दुसरे भरतो आणि नळी फुटते. वीस बोरची काडतुसे पिवळी करण्याची पद्धत आहे ती याचसाठी.

मग ज्या मैदानावर जायचे तिथला नियम विचारा. काडतुसात दारू आणि छरे यांच्यामध्ये वॉड असतो, फायबरचा किंवा प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकवाले बहुधा थोडे स्वस्त पडते. पण बार उडाला की ते वॉड शेतात विखुरतात आणि वर्षानुवर्षे कुजत नाहीत. म्हणून अनेक मैदाने फायबरशिवाय काही चालू देत नाहीत. मी सुरुवातीला हे न विचारता प्लॅस्टिक वॉडची हजार काडतुसे घेतली. पहिल्याच सकाळी ती गाडीतून उतरवू दिली नाहीत, आणि त्यांचे बरोबरच होते. स्वस्तात मिळालेला तो माल दीड वर्ष घरी पडून राहिला.

वजनाचाही नियम असतो. इंग्लिश स्पोर्टिंग, इंग्लिश स्कीट, डाउन-द-लाइन या प्रकारांत छऱ्यांचा भार 28 ग्रॅमपर्यंत चालतो, ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये 24. नवखी माणसे ‘जास्त ते चांगले’ म्हणून 28 उचलतात. इथे जरा थांबून हिशेब करा. 28 ग्रॅममध्ये साडेसात नंबरचे छरे चारशेच्या आसपास बसतात. 24 ग्रॅममध्ये आठ नंबरचे घेतले तर सुमारे 380. म्हणजे संख्या जवळजवळ तेवढीच, शिसे मात्र सातव्या हिश्श्याने कमी, आणि खांद्याला बसणारा धक्काही कमी. हा धक्का हलका समजू नका. पहिल्या पंचवीस चकत्यांना तो जाणवत नाही. ऐंशीव्या चकतीला तुम्ही नकळत डोळे मिटायला लागता, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि दोष काडतुसावर जातो.

छऱ्यांचा नंबर जितका मोठा तितका छरा बारीक. इंग्लिश मोजणीत नऊ म्हणजे 2 मिलिमीटर, आठ म्हणजे 2.2, साडेसात म्हणजे 2.3, सात म्हणजे 2.4. अमेरिकी मोजणीचा साडेसात मात्र 2.4 चा, म्हणजे इंग्लिश सातइतका. बाहेरचा माल स्वस्त मिळाला तर नंबर बाजूला ठेवून मिलिमीटर वाचा. स्कीटला चकती वीस-बावीस यार्डांवर असते, तिथे नऊ उत्तम. स्पोर्टिंगमध्ये जवळची, लांबची, आडवी, सशासारखी जमिनीवरून उड्या मारत जाणारी, अशा सगळ्या चकत्या येतात. तिथे आठ किंवा साडेसात घ्या आणि दर वेळी बदलत बसू नका.

पेटीवरचा वेग, सेकंदाला 1,400 फूट की 1,500, यावर मी पैसे घालत नाही. बारीक छरा हवेत झपाट्याने मंदावतो. निघताना असलेला हा फरक चकतीपर्यंत पोचेतो बराचसा विरतो, धक्का तेवढा वाढलेला असतो.

महाग आणि स्वस्त यांतला खरा फरक बहुतेकदा छऱ्यांच्या कडकपणात असतो. शिशात अँटिमनी जास्त मिसळली की छरे कडक होतात, नळीतून जाताना चेपत नाहीत आणि लांबवर एकत्र राहतात. स्वस्तातले मऊ छरे चेपून भरकटतात. चाळीस यार्डांपलीकडच्या चकतीला हे जाणवेल. पंचवीस-तीस यार्डांवर, जिथे आपल्यातले बहुतेक जण चुकतात, तिथे चूक काडतुसाची नसते. समजा दोन प्रकारांत हजारामागे 40 पौंडांचा फरक आहे. म्हणजे एका बारामागे चार पेन्स, शंभरच्या फेरीला चार पौंड. असे वाचलेले पैसे जादा चकत्यांवर आणि शिकवणीवर घाला.

आता पारख. परवान्याचे प्रमाणपत्र बरोबर घ्या, ते दाखवल्याशिवाय दुकानदार काडतुसे देणार नाही. भाव हजारावर सांगतात, पेटी अडीचशेची असते, पण सुरुवातीला पंचवीसचे खोके मागा. परवडणाऱ्या तीन प्रकारांचे एकेक घ्या. हल आणि लिचफिल्ड परिसरातल्या कारखान्यांचा साधा माल पुष्कळ दुकानांत असतो, इटलीचाही मिळतो. मैदानावर पॅटर्न प्लेट, म्हणजे छऱ्यांचा पसारा बघायचा पत्रा, असेल तर तीस यार्डांवरून प्रत्येकी तीन-चार बार मारा. प्लेट नसेल तर मैदानवाल्यांना विचारून मोठा कागद ताणून लावा. मधोमध तीस इंचांचे वर्तुळ आखा आणि आत चकतीच्या आकाराचे भोक कापलेला पुठ्ठा फिरवून बघा. जिथे दोनसुद्धा छरे सापडत नाहीत अशा मोकळ्या जागा किती आहेत? एकाच बारावरून निकाल देऊ नका, प्रत्येक बार वेगळा पडतो. उरलेली काडतुसे ओळखीच्या सोप्या चकत्यांवर उडवा. रिकामी काडतुसे बंदुकीतून सहज निघतात का, पितळी बूड फुगते का, केपेवर घोड्याची खूण नीट पडते का, नळीत किती काजळी राहते, हे बघा. सेमी-ऑटो बंदूक असेल तर हलक्या भारावर ती पुढचे काडतूस आपोआप घेते की अडते, हे इथेच कळते.

जे पसंत पडेल त्याची एक पेटी घ्या आणि महिनाभर तेवढेच वापरा. पटले तर हजार घ्या, शक्यतो एकाच लॉटची. घाऊक भावाच्या मोहाने याहून फार साठा मात्र नको. 2025 च्या जुलैमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी शिशाच्या छऱ्यांवर बंदीचा निर्णय जाहीर झाला आणि बदलासाठी तीन वर्षांची मुदत ठरली. पोलादी छरे हलके असतात, म्हणून ते शिशापेक्षा एक-दोन नंबर मोठे घ्यावे लागतात. ते नळी खरवडू नयेत म्हणून वॉड वेगळा लागतो आणि चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचे आवळण, घट्ट चालत नाही. जुन्या बंदुकीत ते घालण्यापूर्वी पुन्हा कारागिराकडे जा.

काडतुसे घरात कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवा. गाडीच्या डिकीत हिवाळाभर पडलेली पेटी ओल धरते आणि मग फुसका बार निघतो. नुसता ‘टक्’ आवाज आला तर नळी चकत्यांच्या दिशेलाच रोखून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. बार उडाला पण आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढची चकती मागू नका. बंदूक उघडा, काडतुसे काढा, नळीतून आरपार उजेडाकडे बघा. अर्धवट जळालेल्या दारूने वॉड आत अडकलेला असू शकतो. नळी मोकळी दिसली तरच पुढचे काडतूस भरा.