गव्हाणीचा कठडा व दांडा : सामान कोणते निवडावे?

गोठा बांधावयाचा ठरला म्हणजे आपले शेतकरी पत्र्याचा भाव विचारतात, खांबांचा हिशेब करतात आणि जोत्याची उंची ठरविताना चार वडीलधाऱ्या मंडळींचा सल्लाही घेतात. गव्हाण मात्र उरल्यासुरल्या सामानात उरकली जाते. वास्तविक दुभते जनावर रोज चार-सहा तास ज्या वस्तूस मान, छाती आणि जीभ लावून उभे राहते ती वस्तू पत्रा नव्हे, गव्हाण होय. सबब वैरण आणि जनावर यांच्या मधला आडोसा, म्हणजे खालचा कठडा व त्यावरचा आडवा दांडा, कोणत्या सामानाचा करावा याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा विचार इतर ठिकाणांहून अधिक निकडीचा आहे. येथील वैरणीचा मुख्य आधार रब्बी ज्वारीचा कडबा, आणि पाऊस रुसला की पहिली ओढ त्याचीच बसते. २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांतील चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या त्यांस आठवत असेल की, खुंट्यास बांधलेल्या जनावरापुढे जमिनीवर टाकलेल्या वैरणीचा केवढा भाग शेणामुतात तुडविला जात असे. तुडविलेली वैरण जनावर तोंडात घेत नाही. ज्या वर्षी पेंढीपेंढीचा हिशेब करावा लागतो त्या वर्षी चांगला कठडा हा अर्धा वैरणविक्रेता समजावा.

सामानाकडे वळण्यापूर्वी गव्हाणीत काय पडणार हे ठरवावे. अखंड कडबा घालावयाचा असेल तर जनावर ताट दातांत धरून मान मागे झटकते आणि निम्मी ताटे पायाखाली ओढते. तेथे कठडा उंच हवा व वर दांडाही हवा. कडबाकुट्टी घालणाऱ्यास दांड्यापेक्षा कठड्याच्या सांध्यांची काळजी अधिक, कारण कुट्टी व पेंड फटीत अडकून आंबते. मुरघास घालणाऱ्याची अडचण निराळीच, ती पुढे सांगू. तसेच जनावर दावणीस बांधलेले असेल तर त्याला दावेच आवरते, दांड्यावर भार थोडा येतो. मुक्त गोठ्यात मात्र सारा भार दांडाच झेलतो. शेजाऱ्याचा गोठा पाहून जशीच्या तशी गव्हाण बांधणारे बहुधा एवढी एकच गोष्ट विसरतात.

आमच्या मते गव्हाणीस एकच सामान शोधणे हीच चूक होय. जीभ लागते ती जागा, मान लागते ती जागा आणि मूत लागते ती जागा, या तिन्ही जागांचे शत्रू वेगळे आहेत. म्हणून सामानही वेगळे असावयास पाहिजे.

प्रथम जिभेची जागा, म्हणजे गव्हाणीचा तळ व कठड्याची आतली बाजू. गाईची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. ती रोज घासून घासून सिमेंटचा गिलावा उकरते, आणि एकदा खडी उघडी पडली की त्या खाचांत ओली वैरण कुजू लागते. मुरघास घालणाऱ्याचे सिमेंट याहूनही लवकर जाते, कारण मुरघासातील आम्ल सिमेंटमधील चुना खाऊन टाकते. पुष्कळांना वाटते की तळास शहाबादी फरशी घातली म्हणजे काम झाले. फरशी गुळगुळीत असते, धुण्यास सोपी असते, आणि कोरड्या वैरणीस ती उत्तम आहे याबद्दल वाद नाही. परंतु ती मूळचीच चुनखडीची. खात्री करावयाची असेल त्याने फरशीचा तुकडा किंचित खरवडून त्यावर लिंबू पिळून पाहावे. बारीक फेस येतो. आमच्या काळ्या दगडावर तसे काही होत नाही. म्हणून मुरघासवाल्याने तळास घडीव काळा दगड किंवा चकचकीत भाजणीच्या टाइल बसवाव्यात. टाइल बसविताना खाली पोकळी राहू देऊ नये; पोकळ टाइल फुटते आणि तिची धार जीभ कापते. कोपरे काटकोनी न ठेवता गोलाईने भरून घ्यावेत, म्हणजे हाताच्या एका फटक्यात गव्हाण झाडता येते.

साध्या सिमेंट काँक्रीटचाच तळ करणाराने १:२:४ चे प्रमाण सांभाळावे, पाणी बेताचे घालावे आणि पुढे निदान दोन आठवडे काम ओले ठेवावे. गवंडी तिसऱ्या दिवशी निघून जातो. पाणी मारणे हे मालकाचे काम आहे.

मापाविषयी थोडक्यात. मोठ्या जनावरास गव्हाणीवर २ ते अडीच फूट जागा, गव्हाणीची रुंदी सुमारे २ फूट, आतून खोली १६ इंच आणि जनावराच्या बाजूच्या कठड्याची उंची सुमारे २० इंच ही मापे आपल्याकडे रूढ आहेत. गव्हाणीचा तळ जनावराच्या पायांच्या पातळीहून चार-सहा इंच वर असावा. जनावर चरताना मान खाली घालते तशीच गव्हाणीत घालता आली पाहिजे. त्याने लाळ अधिक सुटते व पचनास मदत होते.

कठड्याच्या बांधणीस आपल्याकडे काळ्या दगडाची वाण नाही. तथापि मातीत रचलेल्या दगडांविषयी या जिल्ह्यास तरी निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा उमरगा-लोहारा भागात सास्तूरसारख्या गावी दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदे कोसळून माणसे दबली, आणि त्या भिंतींच्या आधाराने बांधलेली जनावरेही दबली. दगड दोषी नव्हता; आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधणारे लांब दगड नव्हते आणि सांध्यात नुसती माती होती. दीड-दोन फूट उंचीच्या कठड्यास दगड खुशाल वापरावा, पण सिमेंटात. आणि जुन्या मातीच्या भिंतीस लागून गव्हाण बांधू नये.

आता मानेची जागा. येथे आमचा आग्रह गोल वस्तूचा आहे. अँगल लोखंड स्वस्त मिळते, जोडण्यास सोपे असते, परंतु त्याची धार मानेवर येते. जनावर दूरची वैरण घेण्यास पुढे रेटते तेव्हा त्याचा सारा जोर बोटभर जागेवर एकवटतो. प्रथम केस झडतात, मग कातडे जाड होते, मग गाठ येते. दुभत्या गाईचे एक वेळ निभेल. बैलाच्या मानेस मात्र जू घ्यावयाचे असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याची हळद-तुपाने खांदेमळणी करावयाची, तोच खांदा वर्षभर अँगलवर घासू द्यावा हे विचित्र नव्हे काय?

गोल दांड्यात दोन पर्याय खरे : बाभळीचे सरळ लाकूड आणि लोखंडी पाइप. बाभूळ घरची असते, मानेस मऊ लागते, उन्हाळ्यात तापत नाही व हिवाळ्यात चटका देत नाही. तिचे बाहेरचे पांढुरके लाकूड मात्र भुंगा पोखरतो. म्हणून जून झाडाचा गाभा घ्यावा. लाकूड काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळविण्याची सुतारांची जुनी रीत शहाणपणाची आहे, कारण भुंग्याचे खाद्य पाण्यात निघून जाते. बांबू आम्ही सुचवीत नाही. तो हलका व स्वस्त खरा, पण फुटला की त्याच्या चिंबा सुरीसारख्या होतात.

पाइप घेणाऱ्याने दोन इंची जस्ताचा पाइप घ्यावा आणि त्यावरील पट्टा पाहावा. पिवळा पट्टा हलक्या पाइपाचा, निळा मध्यम, तांबडा जाड. मुक्त गोठ्यास निळ्याच्या खाली जाऊ नये. बोअरच्या जुन्या लोखंडी केसिंगचे तुकडे अनेक वस्त्यांवर पडून असतात. त्यांचा दांडा फार चांगला होतो, कारण व्यास मोठा असल्याने दाब पसरतो. तोंडे मात्र बंद करून घ्यावीत, नाहीतर आत गांधीलमाशा घर करतात. दोन खांबांतील अंतर ८ फुटांहून अधिक ठेवू नये. एक खांब वाचविण्यासाठी अंतर दुप्पट केले तर तेवढ्याच जोराने दांडा दुप्पट नव्हे, आठपट वाकतो. मग वाकलेला पाइप बदलण्यात दोन खांबांचे पैसे जातात. दांडा खांबास झाळून टाकू नये, यू-बोल्टने आवळावा. आज तेथे कालवडी उभ्या असतील, दोन वर्षांनी त्याच गाई होतील, आणि दांडा वर घ्यावा लागेल.

दांडा कठड्याच्या नेमका वर न ठेवता सात-आठ इंच वैरणीच्या बाजूस पुढे घ्यावा. उंची जातीप्रमाणे बदलते. थोराड होल्स्टीन संकरित गाईस ४ फुटांच्या आसपास लागते, देवणी व लाल कंधारी यांस त्याहून कमी. सर्वांत सोपी पारख अशी की, गाय खात असताना तिची मान व दांडा यांमध्ये आपला हात मोकळा फिरला पाहिजे. खिल्लारासारख्या लांब शिंगांच्या जनावरांस उभ्या गजांची जाळी मुळीच करू नये. घाबरून मान मागे घेताना शिंग अडकते व मोडते. त्यांस एक आडवा दांडाच बरा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दांडा कितीही भक्कम असो, वैरण जनावराच्या तोंडापासून लांब सरकली की ते रेटणारच. दिवसातून तीन-चार वेळा वैरण आत लोटणारा गडी असेल तर मध्यम दांडाही वर्षानुवर्षे टिकतो.

मुताची जागा म्हणजे खांबांचा पाया. लोखंडी खांब वर कधी कुजत नाही. जमिनीच्या पातळीवर, जेथे मूत, शेण व वारा तिन्ही भेटतात, तेथेच तो तीन-चार बोटांत खाल्ला जातो. जस्ताचा लेपही तेथे फार दिवस पुरत नाही. यास उपाय असा की, खांबाभोवतीचे काँक्रीट फरशीच्या वर तीन-चार इंच चढवून त्यास बाहेर उतार द्यावा. लाकडी खांबाचे गाडावयाचे टोक जाळून काळे करावे किंवा त्यास डांबर लावावे. पण डांबर, जळके तेल अथवा जुना रंग जनावराची जीभ पोहोचेल तेथे लावू नये. जुन्या तैलरंगात शिसे असते, आणि ते चाटून वासरे दगावतात.

फुकट मिळणाऱ्या सामानापासून विशेष सावध राहावे. रसायनाचे निळे पिंप अर्धे कापून गव्हाण करतात. आत काय होते हे ठाऊक नसेल तर ते घेऊ नये. ट्रकच्या जुन्या टायरची गव्हाणही पुष्कळ ठिकाणी दिसते. टायर झिजला की आतील पोलादी तार सुटते, तुकडे होऊन वैरणीत पडते. गाय चावून निवडत नाही, गिळते. तार जाळीपोटात रुतून पडद्यापलीकडे हृदयापर्यंत जाते, आणि भूम-परंड्याकडे खव्याच्या भट्टीस दूध घालणाऱ्या घरची ऐन दुधातली गाय काही दिवसांत आडवी होते. काटेरी तारेची गव्हाणीजवळ जागाच नाही.

शेळ्यांची गव्हाण वेगळी करावी. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी आपली काळी शेळी अद्याप उस्मानाबादीच म्हणविते, आणि तिचा स्वभावही जुनाच आहे : खाण्यापूर्वी ती गव्हाणीत चढते. तिला आडवा दांडा पायरीसारखा होतो. तेथे उभ्या गुळगुळीत लाकडी पट्ट्या लावाव्यात, आणि डोके वरच्या रुंद जागेतून आत जाऊन खालच्या अरुंद जागेत खाता येईल अशी फट ठेवावी.

काम पुरे झाल्यावर, पहिली वैरण टाकण्यापूर्वी, गवंडी व झाळणारा यांनी मागे टाकलेली बांधावयाची तार, खिळे व झाळकामाचे तुकडे वेचून काढावेत. हाताने वेचून भागत नाही. जुन्या भोंग्यातील लोहचुंबक दोरीस बांधून गव्हाणीतून व सभोवारच्या जमिनीवरून दोन वेळा फिरवावा, आणि पुढेही कडबाकुट्टीच्या यंत्राचे पाते बदलले की तसेच करावे.