तेल कोणतं, हा प्रश्न नंतर

बाळ मान धरत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, असं सांगून झालं की आईवडिलांचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. डॉक्टर, मालिश कोणत्या तेलानं करू? तीळ, खोबरं, घरात असेल ते चालेल. मालिशनं लेकरू सुखावतं, झोपतं. चालणं मात्र त्यातून येत नाही.

कारण या आजाराचं, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचं, मूळ पायात नाही, मेंदूत आहे. दिवस भरायच्या आत झालेला जन्म, जन्मताना अपुरा पडलेला प्राणवायू, मेंदूपर्यंत गेलेली कावीळ, मेंदूज्वर, अशा कारणांनी वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे पसरत नाही. पण ताठर स्नायू हाडांच्या वाढीला पुरे पडत नाहीत आणि सांधे वर्षागणिक आखडतात. मेंदूला नवी हालचाल शिकवायची तर ती मुलानं स्वतः करायला हवी, चुकतमाकत, शंभरदा. दुसऱ्या कुणी पाय हलवून दिला तर तो नुसता हलतो.

पण त्यासाठी घाटाखालच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून रोज बुलढाण्याला फिजिओथेरपीला कोण येणार? सोयाबीनच्या काढणीत, कापूस वेचणीत तर नावच नको. रोज येण्याची गरजही नाही. फिजिओथेरपिस्टकडून पुढच्या काही आठवड्यांसाठी एकच ठोस काम ठरवून घ्या. 'पाय मोकळे व्हावेत' हे काम नव्हे. 'ओसरीत आधाराशिवाय बसून दोन्ही हातांनी वाटी धरणं' हे काम. ते घरी कसं करून घ्यायचं हे त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा, मोबाइलवर चित्रित करून ठेवा. मग अख्खा दिवस कामी येतो. भाकरीचा तुकडा कमजोर हाताच्या बाजूला ठेवा. खेळणं बाजेवर ठेवा, म्हणजे कडेला धरून उभं राहावंसं वाटेल. पाटावरून उठताना लगेच बगलेत हात घालू नका, थोडं थांबा. आजीला हे थांबणं सगळ्यात अवघड जातं, असा माझा अनुभव आहे. रडवून, ताणून करून घेतलेला व्यायाम मला मान्य नाही, दुखतं त्याच्यापासून मूल पळणारच.

पायाला आधार देणारा स्प्लिंट दिला असेल तर आत सुती मोजा घाला. वैशाखातल्या उन्हात घामानं कातडी सोलते, म्हणून काढल्यावर टाच आणि घोटा रोज पाहा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या. चाकांचा वॉकर आणू नका, त्यात मूल चवड्यांवर ढकलत राहतं.

सुरुवात लवकर हवी, कारण हालचालीची बरीचशी क्षमता पहिल्या पाच वर्षांतच घडते. चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्या, नऊ महिन्यांना बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, यातलं काही दिसलं तर 'मामाही उशिरा चालला' म्हणून थांबू नका. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना दाखवा, जिल्हा रुग्णालयात पाठवणी मागा. दिव्यांग ओळखपत्र काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीही धरली आहे. शेत विकून स्टेम सेलची इंजेक्शनं मात्र घेऊ नका. या आजारावर ती सिद्ध झालेली नाहीत.

प्रत्येक मूल चालेलच असं मी सांगणार नाही. काहींना व्हीलचेअर लागते आणि ती वेळेवर मिळाली तर मूल शाळेत जातं. स्वतः बसता येणं, घास तोंडापर्यंत नेणं, हेही फिजिओथेरपीचंच यश आहे.

एक गोष्ट घरी दिसत नाही, ती म्हणजे खुबा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तिघांपैकी एका मुलाचा खुबा हळूहळू जागचा सरकतो, न चालणाऱ्यांत जास्त, आणि सुरुवातीला दुखत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. लंगोट बदलताना मांड्या पूर्वीइतक्या फाकत नसतील किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.